करडीचं तेल खवट झालं ते साल

फाल्गुन लागला, रानात करडी वाळून तांबूस पडली, की माझं नाक जागं होतं. डोळे आता भरवशाचे राहिले नाहीत, कान एकच चालतो, पण नाकानं अजून दगा दिलेला नाही. तेल्याचं नाक आहे. वाऱ्यावर करडीचा वास आला की पहिल्यांदा बरं वाटतं आणि त्याच्या पाठोपाठ संशय येतो. करडीच्या वासानं संशय येणारा माणूस पंचक्रोशीत मी एकटाच असेन. त्याचं कारण एका सालात आहे, आणि ते साल माझ्या घशाखाली अजून उतरलेलं नाही.

आमचं गाव मुरूमच्या अलीकडं. निम्मं गाव मराठीत भांडायचं, निम्मं कानडीत, आणि निजामाचं राज्य होतं तोवर दोघंही सरकारपुढं उर्दूत गप्प बसायचे. आम्ही लिंगायत तेली. शाळा म्हणाल तर उर्दूच्या दोन इयत्ता, तीही दुसरी अर्धी. पुढं जे शिकलो ते बैलामागं गोल गोल फिरून. नात म्हणाली, अज्जा, तुम्ही बोलता तसं लिहून काढा. मी म्हणालो, काढतो, पण तू त्यात दुरुस्ती करायची नाही. शिकलेल्यांनी दुरुस्त केलेलं बोलणं मला दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखं होतं.

सांगायची गोष्ट एकच आहे. माझ्या बापानं तेलात काही घातलं होतं का नाही. गावानं त्याचा निकाल त्याच साली लावून टाकला. मी गावाचा निकाल मानला नाही.

करडी पहाटे काढतात. दवानं काटा मऊ असतो तोवरच हात लावू देते. ऊन चढलं की तीच करडी उलटून चावते. पायाला गोणपाट गुंडाळून, हाताला फडकं बांधून बाया-माणसं ओळीनं पुढं सरकायची. मग खळ्यावर काठीनं बडवलं की पांढरं स्वच्छ बी खाली पडायचं. पांढऱ्या रंगाचं मला तेव्हापासून नवल वाटत आलंय. एवढ्या काट्यात राहून ते बी इतकं गोरं कसं राहतं? आणि आत इतकं गोड तेल? माणसाचं उलट असतं.

ते लढाईचं साल होतं. लढाई कुठंतरी समुद्रापलीकडं चाललेली, आमच्या वाट्याला नुसतं 'नाही' हा शब्द आलेला. घासलेट नाही, साखर नाही, कापड नाही. वस्तू नाहीशा झाल्या की त्यांच्या जागेवर संशय येऊन बसतो. वाण्यानं तराजू उचलला की गिऱ्हाईक आधी पारड्याच्या बुडाखाली बघायचं. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपाई म्हाताऱ्या बाईचं गाठोडंसुद्धा सोडून हुंगायचे. पाटलाच्या ओट्यावर दोघं बोलत असले आणि तिसरा आला की बोलणं पावसापाण्यावर जायचं, मग महिना उन्हाळ्याचा का असेना. कोण कुणाचा, हे कळायचं बंद झालं होतं. अशा दिवसांत आमच्या दारात एक पाहुणा आला.

शेरवानी घातलेला, ठेकेदाराचा माणूस. त्याच्या गाड्यांत एरंडीची पोती. म्हणाला, घाण्यावर गाळून द्या, यंत्राच्या कामाला तेल पाहिजे.

माझे वडील, त्यांना आम्ही अप्पा म्हणायचो, त्यांनी एक दाणा दातानं फोडून बघितला. "भाजून गाळाय लागंल."

"भाजायची नाही," तो म्हणाला. "कच्चीच गाळा. भाजलेलं चालत नाही."

आमच्यात एरंडी भाजल्याशिवाय कुणी हात लावत नसे. चुलीवर भाजायची, कुटायची, पाण्यात उकळायची, वर आलेलं तेल निपटून घ्यायचं. ते बायांचं काम, परसात करायचं. बाळंतिणीला, पोट साफ करायला, गाडीच्या आसाला. खायच्या तेलाच्या घाण्यात कच्ची एरंडी घालायची, हे ऐकूनच अव्वानं, म्हणजे आईनं, नाकाला पदर लावला.

घाणा एक होता आणि घरं दोन. अप्पा थोरले आणि शरणप्पाकाका धाकटे. चिंचेच्या खोडाचं उखळ, त्यात फिरणारा जाड लाकडी दांडा म्हणजे लाट, लाटेला जुंपलेला बैल, बैलाच्या डोळ्यांवर झापडं. एक आठवडा घाण्याची पाळी आमची, एक काकांची. सोमवारी महादेवाचा वार म्हणून घाणा उभा. तेलाची खोली सामाईक, किल्ली थोरला म्हणून अप्पांच्या कडदोऱ्याला. सगळं कसं घाण्यासारखंच गोल आणि ठरलेलं.

काका म्हणाले, "दादा, गाळायची तर तुमच्या पाळीत गाळा. माज्या पाळीत न्हाय."

आम्ही गाळली. बैल मी हाकत होतो, मिसरूड फुटलेलं होतं, अंगात रग होती. एरंडीचं तेल करडीसारखं पळत नाही. जाड, सुस्त, पेंडीला चिकटून बसणारं. त्या आठवड्यात बैलसुद्धा नाराज होता असं मला वाटतं, पण बैलाच्या मनातलं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

काम उरकलं. पाहुणा तेलाचे बुदले भरून, पेंडसुद्धा घेऊन गेला. मग अव्वा आणि काकू पदर खोचून उखळात उतरल्या. काकूला आम्ही कानडी रिवाजानं चिक्कव्वा म्हणायचो. गरम पाणी वापरता येत नव्हतं, लाकडाला चिरा पडतात. राखेनं घासलं, काथ्यानं घासलं, तरी एरंडीचा मातकट वास जाईना. तेव्हा अव्वानं ताक आणवलं. ताजं नव्हे. कळशीत राहून राहून आंबलेलं, नाकाला झोंबणारं. आमच्यात जे कशानं निघत नाही ते आंबटानं निघतं, असा समज. तांब्या-पितळेचं निघतं, मग लाकडाचं का निघू नये? उखळाच्या भेगाभेगांतून तिनं ते ताक जिरवलं, वर फडकं झाकलं आणि सोमवारभर मुरू दिलं. संध्याकाळी पुसून घेतलं आणि म्हणाली, "आता गंगेवानी झालं."

मंगळवारी काकांची पाळी सुरू झाली. नव्या करडीचा पहिला घाणा. बी भरडत आलं की पाण्याचा हबका मारावा लागतो, त्याशिवाय तेल सुटत नाही. तेल आणि पाणी एकमेकांचं तोंड बघत नाहीत म्हणतात, पण घाण्यात पाणी मारल्याशिवाय तेल घर सोडत नाही, हे तेल्यालाच ठाऊक. काकांनी बोट बुडवून माझ्यापुढं धरलं. "बघ."

मी बघितलं. गोड होतं. ज्वारीच्या गरम भाकरीवर तेच तेल आणि तिखट घालून उखळाशेजारी बसून खाल्लं. काकांचा बसू, माझा चुलत भाऊ, माझ्याच ताटात जेवला. ही चव मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगेन. तेल चांगलं निघालं होतं. त्याच चांगलेपणानं आमचा घात केला. वाईटच निघालं असतं तर दोष घाण्यावर गेला असता. चांगलं निघालं, रांजणात भरलं, तोंडाला फडकं बांधलं, खोलीला कुलूप लागलं. आणि कुलपाच्या आत ते बिघडलं.

काही दिवसांनी पाटलाच्या घरी लग्न होतं. रांजण उघडून तेल कढईत ओतलं तर धूर मावेना. तळणाऱ्या बाया खोकत अंगणात आल्या. पाटलाची म्हातारी आई काठी आपटत म्हणाली, "तेल दिलंय का मिरच्याची धुरी? घसा धरलालाय!" दुसऱ्या दिवशी गावातून माणसं बुदल्या घेऊन परत यायला लागली. वास घेतला की नाकाच्या शेंड्याला आंबूस झोंबायचं, जिभेवर ठेवलं की मागाहून घशाला नख लागायचं. देवळातल्या समईत मात्र तेच तेल नीट जळत होतं. देवाला घसा नसतो.

त्या माणसांदेखत आमच्या अंगणात त्या दिवशी झालेलं बोलणं मला पाठ आहे.

काका म्हणाले, "खोलीची किल्ली कुणाकडं?"

"माज्याकडं," अप्पा म्हणाले.

"मग म्या काय बोलू?"

"बोल की. तोंडात ठिवू नको, खवट व्हतंय."

"एरंडीचं उरलेलं तेल कुठं गेलं, दादा?"

अप्पा पुढं आले. मग गळ्यातलं लिंग तळहातावर घेतलं. "ह्यो हात बघ. म्या रांजणाला बोट लावलं न्हाय."

काका म्हणाले, "लिंगाला कशाला मधी घेताव? तेलाचं बोला."

दारातून अव्वा कडाडली, "तेलाचंच बोलताव! किडकं बी गाळायचं आन् नाव आमचं घ्यायचं? घाणा म्या माज्या हातानं ताकानं धुतलाय. घाण आसंल तर तुमच्या मनात!"

चिक्कव्वा तिकडून काही बोलली नाही. ती नुसती आत गेली. तिच्या त्या गप्प बसण्याचाही मी पुढं कितीतरी वर्षं संशय घेतला.

अंगणात भिंत उठली. घाणा आमच्या बाजूला राहिला. काकांनी दुसरा केला. गावानं आमच्याकडून तेल नेणं सोडलं नाही, त्यापेक्षा वाईट केलं. गिऱ्हाईक स्वतःची बुदली आणायचं आणि तेल निघेपर्यंत घाण्यापुढं बसून राहायचं. नजर अप्पांच्या हातावर. विड्या ओढत, गप्पा मारत, हसत, पण नजर हातावर. अप्पांनी एकदाही कुणाला ऊठ म्हटलं नाही. बैलाला झापडं आम्ही घालतो, त्याला गरगरू नये म्हणून. अप्पांना झापडं कुणी घातली नाहीत. ते उघड्या डोळ्यांनी त्याच गोलात फिरले आणि तसेच गेले.

मी तेव्हापासून सगळ्यांचा संशय घेत आलो. शेरवानीवाल्यानं जाता जाता काही टाकलं का? काकांनीच वेगळं व्हायला निमित्त केलं का? कुंभारानं रांजण कच्चा दिला का? निजाम गेला, त्याचा हाली रुपया गेला, करोडगिरीचा नाका मोडून तिथं चहाचं हॉटेल झालं. माझ्या संशयाच्या रांगेतली माणसं बदलत राहिली, रांग मोडली नाही. त्या रांगेत मी बापाला कधी उभं केलं नाही. लोक म्हणतील हट्ट. असेल. हट्टानंच माणूस उभा राहतो, पाय नुसते टेकायला असतात.

माझी नात कावेरी धाराशिवला कॉलेजात शिकते. सुट्टीत एसटीनं येते, पिशवीत पुस्तकं आणि माझ्यासाठी खव्याचे पेढे. शिमग्याच्या आधी आली तेव्हा मी विचारलं, "तू तिथं करतीस तरी काय?"

म्हणाली, "अज्जा, विकरांवर काम करते. एन्झाइम म्हणतात त्याला."

"किडे हायत का?"

"जिवंत नसतं ते. अडकित्ता समजा. सुपारी कातरतो आणि स्वतः तसाच राहतो. आपल्या पोटात, बियांत, दुधात, सगळीकडं असले अडकित्ते असतात. ते पाण्यात चालतात हे सगळ्यांना माहीत आहे. आम्ही त्यांना पाणी सोडून दुसरीकडं टाकून बघतो. तेलात. औषधी द्रवांत. साखर आणि लिंबूसत्त्व नुसतं एकत्र तापवलं की जो घट्ट पाक होतो, तसल्या पाकातसुद्धा."

"पाण्यातला मासा तेलात पवतो म्हणतीस?"

ती हसली. "आमच्या मॅडम म्हणतात, विकराचं माहेर पाणी. माहेर सुटलं की गप्प होईल असं वाटतं. पण काही जणी सासरीच जास्त टिकतात. फक्त माहेरचा एखादा थेंब बरोबर लागतो. एरंडीच्या बीत तर असा एक अडकित्ता आहे की..."

"कशाच्या?"

"एरंडीच्या. तो तेलाचेच तुकडे करतो. कच्च्या बीत असतो, भाजलं की मरतो. आणि गंमत म्हणजे त्याला आंबट लागतं. आंबट पाण्याचा थेंब मिळाला की तेलात बसून सावकाश कातरत राहतो. तेल मग खवट, घसा धरणारं."

पेढा माझ्या हातात तसाच राहिला. एरंडी. कच्ची. आंबट. थेंब. हे चार शब्द या पोरीला कुणी सांगितले? माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की भिंतीपलीकडच्यांनी हिला शिकवून पाठवलंय. म्हाताऱ्याचं समाधान करून मोकळं व्हायचा डाव. मी म्हणालो, "पुस्तकातलं पुस्तकात ऱ्हाऊ दे. म्या करून बघितल्याबिगर ऐकनार न्हाय."

"करून बघा की," ती म्हणाली. "मी हातसुद्धा लावत नाही."

"लावायचाच न्हाय."

मुरूमच्या बाजारातून माझ्या डोळ्यांदेखत काढलेलं करडीचं तेल आणलं. गिरणीवाल्याच्या हातावर नजर ठेवून बसलो होतो. तिथं बसल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी कसा बसलोय, आणि उठून बाहेर उभा राहिलो. घरी बाटल्या घेतल्या. एकीत नुसतं तेल. एकीत भाजलेल्या एरंडीची चिमूट आणि आंबट ताकाचे थेंब. एकीत कच्च्या एरंडीची चिमूट आणि तेच थेंब. तोंडाला वेगवेगळे दोरे बांधले, ट्रंकेत ठेवल्या, कुलूप घातलं, किल्ली कडदोऱ्याला. सून म्हणाली, "मामंजी, सोनं सापडलं का काय?" मी म्हणालो, "तुला काय करायचंय?"

शिमग्यापासून पाडव्यापर्यंत ट्रंक उघडली नाही. आतून काही आवाज येतो का म्हणून चालत्या कानानं ऐकलं मात्र. हसू नका. कुलपाच्या आत माणसाशिवाय काही घडू शकतं, हेच मला आयुष्यभर पटलेलं नव्हतं.

पाडव्याला उघडली. नुसतं तेल गोड. भाजलेल्या एरंडीचं तेल गोड. तिसऱ्या बाटलीचा दोरा सोडला आणि मी खाली बसलो. तोच वास. पाटलाच्या अंगणातला, खोकणाऱ्या बायांचा, भिंतीच्या ओल्या चिखलाचा, अप्पांच्या उघड्या तळहाताचा. एवढी वर्षं ते साल कुठं गेलं होतं म्हणावं, तर एका चिमटीत बसलं होतं.

अप्पा सुटले. मला ओरडून सांगावंसं वाटलं. आणि ओरडायला तोंड उघडलं तेव्हा पुढचं दिसलं. खोलीत कुणी गेलं नव्हतं. मग घाण्यात कोण गेलं होतं? कच्ची एरंडी उखळाच्या भेगांत होतीच. तिला आंबट पाजून जागं केलं ते अव्वानं. गंगेवानी करताना. बापाचं नाव धुवायचं तर आईचं नाव घ्यावं लागणार होतं. आणि तेही कुणापुढं, तर ज्यांच्या मनात घाण असल्याचं तिनं सगळ्या गावादेखत म्हटलं त्याच घरच्या पोरापुढं.

कितीतरी दिवस मी बाटल्या घेऊन भिंतीपर्यंत गेलो आणि परत आलो. भिंत आता कमरेएवढी राहिलीय, पावसानं खाल्ली. त्या बाजूला बसूची बकरी बांधलेली असते, ती सुद्धा माझ्याकडं संशयानं बघायची. अव्वा गेली तेव्हा काकांच्या घरून कुणी आलं नव्हतं. आता तिला कुणी काही म्हणू शकत नाही, ही एक जागा तेवढी स्वच्छ होती, आणि मीच ती मळवायला निघालो होतो. पण अप्पांपुढं बसलेली ती गिऱ्हाइकं डोळ्यांपुढून हलेनात.

शेवटी गेलो. बसू ओसरीवर बसला होता. त्याला आता नीट दिसत नाही.

"कोन हाय?"

"म्या."

त्यानं आवाजाकडं मान वळवली. मग म्हणाला, "दादा? वाट चुकलाव का काय?"

मी बाटली त्याच्या नाकाखाली धरली. तोही तेलीच. त्याचं डोकं एकदम मागं गेलं. "कुठनं आनलाव हे? हे... हे त्या सालचं हाय."

"पाडव्याचं हाय. म्या केलंय." आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कच्ची एरंडी, अडकित्ता, आंबट थेंब. ताकाचं टाळावंसं वाटलं. पण सांगितलं. "अव्वानं धुतलं व्हतं. अप्पानं बोट लावलं नव्हतं. आमच्या अव्वाच्या हातनं झालं ते, तिला ठावं नव्हतं."

बसू बाटलीचं तोंड अंगठ्यानं दाबून धरून बसला. आता हा हसेल, का गावाला ओरडून सांगेल, याचा मी अंदाज घेत होतो. तो म्हणाला, "दादा, त्या साली तुमच्या दारात म्हैस व्हती का?"

मी आठवून बघितलं. नव्हती. चाऱ्याच्या दुष्काळात विकली होती.

"मग ताक कुनाचं व्हतं?"

मी त्याच्या हातातल्या बाटलीकडं बघितलं.

"आमच्या म्हशीचं," बसू म्हणाला. "आमच्या आईनं दिलं व्हतं. लई दिवसाचं आंबलेलं हाय, फुकट जाईल, तर घाण्याला घ्या म्हनली व्हती. मरायच्या आदी मला म्हनली, बशा, त्या ताकात कायतरी आसंल का रं? म्या म्हनलं, आई, ताकानं कदी तेल नासतंय का? तिचा संशय तिच्याबरोबर गेला."

चिक्कव्वाचं ते गप्प आत जाणं. मी त्याच्यावर किती वर्षं कसला कसला संशय रचला होता, आणि तिच्या पोटात नुसता ताकाचा होता.

मी त्याच्या शेजारी ओसरीवर टेकलो. बकरी ओरडत होती. आतून बसूच्या सुनेनं विचारलं, कोण आलंय. बसू म्हणाला, "मोठ्या घरचे आलेत. भाकरी टाक. आन् आदी ताक दे."

तांब्या आला. मी तो दोन्ही हातांनी धरला, नाकाजवळ नेला आणि हुंगला.

बसूला दिसत नव्हतं, पण माझा श्वास त्याला ऐकू आला. "आजून हुंगताव व्हय, दादा?"

"हुंगतो," मी म्हणालो. आणि प्यालो.